300 वर्षांपूर्वीची टू-डू लिस्ट: बेंजामिन फ्रँकलिनने याद्यांच्या जोरावर काय काय केलं?

तुमच्या फोनमध्ये आत्ता किती याद्या आहेत ते जरा उघडून बघा. गूगल कीपमध्ये किराण्याची एक असेल, कॅलेंडरमध्ये ऑफिसच्या कामांची असेल, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज असतील: गॅस बुक करणे, आईच्या गोळ्या, लाइट बिल. माझ्याकडे तर हे सगळं आहेच, वर फ्रिजवर लोहचुंबकाने अडकवलेला एक कागदही आहे.

यादीचा विषय निघाला की मला ठरलेला प्रश्न येतो: सर, सगळ्यात चांगलं ॲप कुठलं? आज मी ॲप सांगणार नाही, एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याच्याकडे फोन सोडा, नीट पेनसुद्धा नव्हतं. पिसाची लेखणी दौतीत बुडवून तो लिहायचा. पण हॅबिट ट्रॅकर, चेकलिस्ट, निर्णय घ्यायचा तक्ता, वर्षभराचा प्लॅन, हे सगळं त्याने हाताने करून बघितलं होतं. आणि कुठली यादी कुठे कामाला येते, कुठे अपुरी पडते, हे त्याच्या आयुष्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

त्याचं नाव बेंजामिन फ्रँकलिन. अमेरिकेच्या 100 डॉलरच्या नोटेवर ज्याचा चेहरा आहे, तोच.

आधी थोडी ओळख

फ्रँकलिनचा जन्म 17 जानेवारी 1706 चा, बोस्टनचा. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. घरात एकूण 17 मुलं. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. भावाशी पटेना, म्हणून 1723 मध्ये, सतराव्या वर्षी, तो पळून फिलाडेल्फियाला गेला.

पुढे तो मुद्रक झाला, वर्तमानपत्राचा मालक झाला, पोस्टमास्तर झाला, विजेचा अभ्यासक झाला आणि शेवटी अमेरिकेचा मुत्सद्दी झाला. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे, 1787 च्या राज्यघटनेवरही आहे. एवढी वेगवेगळी कामं एका जन्मात करणारा माणूस किती शिस्तीचा असेल, असं वाटतं ना? थांबा, तिथेच गंमत आहे.

पहिली यादी: जहाजावर, 20 व्या वर्षी

1724 ते 1726 ही दोन वर्षं फ्रँकलिन लंडनमध्ये छापखान्यांत काम करत होता. पैसे कमावले, मित्रांवर आणि नाटकांवर उडवले. 1726 मध्ये तो परत निघाला तेव्हा हातात फारसं काही नव्हतं, उलट लोकांचे पैसे देणं बाकी होतं. जहाजाचा प्रवास अडीच महिन्यांहून जास्त चालला. त्या प्रवासात त्याने स्वतःसाठी चार ओळींची योजना लिहिली.

एक, कर्ज फिटेपर्यंत काटकसरीने राहायचं. दोन, खरं बोलायचं आणि पुरी करता येणार नाही अशी आशा कुणाला लावायची नाही. तीन, हातातलं काम चिकाटीने करायचं, झटपट श्रीमंत होण्याच्या नादाला लागायचं नाही. चार, कुणाची निंदा करायची नाही.

चारच ओळी आहेत हे लक्षात घ्या. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी आपण पंचवीस संकल्प लिहितो आणि संक्रांतीपर्यंत विसरतो. फ्रँकलिनच्या ओळी त्या वेळी त्याला जिथे टोचत होतं तिथूनच आलेल्या आहेत. कर्ज होतं म्हणून कर्ज पहिलं.

प्रश्नांची यादी आणि पुस्तकांची खरेदी

1727 मध्ये त्याने फिलाडेल्फियात दोस्तांचा एक गट काढला. नाव जुंटो. त्यात कारागीर होते, कारकून होते, छापखान्यातले सोबती होते. दर शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी जमायची. नुसत्या गप्पांत वेळ जाऊ नये म्हणून फ्रँकलिनने 24 प्रश्नांची यादी केली होती. गेल्या भेटीनंतर वाचलेल्यात सांगण्यासारखं काय मिळालं? गावात कुणाचा धंदा बुडाला का, आणि कशामुळे? कुणाची भरभराट झाली, ती कशी? गावात नवीन कुणी आलंय का, ज्याला आपण हात देऊ शकू? अशा धर्तीचे प्रश्न. दोन प्रश्नांच्या मध्ये वाइनचा पेला भरण्यापुरती विश्रांती.

ऑफिसच्या मीटिंगला अजेंडा असतो तसंच हे. फरक एवढाच की आपला अजेंडा बहुतेक वेळा विषयांचा असतो: बजेट, सेल्स, इतर. फ्रँकलिनचा अजेंडा प्रश्नांचा होता. विषयावर माणूस कितीही वेळ बोलू शकतो. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

याच गटातून 1731 मध्ये वाचनालयाची कल्पना निघाली. पुस्तकं महाग, लंडनहून मागवावी लागायची. पन्नास जणांनी सुरुवातीला प्रत्येकी 40 शिलिंग आणि मग वर्षाला 10 शिलिंग द्यायचे, असं ठरलं. आता यादी करायची होती, आणि पन्नास लोकांच्या पैशातून होणाऱ्या खरेदीची यादी ही जोखमीची गोष्ट. मंडळाने गावातल्या जेम्स लोगन या व्यासंगी माणसाचा सल्ला घेतला, यादी पक्की केली आणि 1732 मध्ये लंडनला पाठवली. जहाज जायला दीड-दोन महिने, यायला तेवढेच. यादीत एखादं नाव राहिलं तर थेट पुढच्या खेपेला! दहा मिनिटांत डिलिव्हरी मिळते तेव्हा आपण यादीच करत नाही, आठवेल तसं मागवतो, आणि महिन्याच्या शेवटी बिल बघून चक्रावतो. ते वाचनालय, लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया, आजही सुरू आहे.

13 गुण: जगातला सगळ्यात प्रसिद्ध हॅबिट ट्रॅकर

आता त्याची सगळ्यात गाजलेली यादी. विशी-पंचविशीत फ्रँकलिनने ठरवलं की आपण दोषमुक्त माणूस व्हायचं. त्यासाठी त्याने बारा गुण लिहून काढले: खाण्यापिण्यात संयम, मितभाषण, व्यवस्थितपणा, निर्धार, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, समतोल, स्वच्छता, शांतपणा आणि शुचिता. यादी एका क्वेकर मित्राला दाखवली. मित्राने सांगितलं की बाबा रे, लोक तुला गर्विष्ठ समजतात. मग तेरावा गुण जोडला गेला: नम्रता.

हे काम त्याने कसं केलं ते बघा, कारण आजची ॲप्स नेमकी तीच पद्धत वापरतात. एक छोटी वही. प्रत्येक पानावर तक्ता: सात दिवसांचे सात रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा ओळी. एका आठवड्यात मुख्य लक्ष एकाच गुणावर, बाकीचे आपापले चालू दे. तेरा आठवड्यांत एक फेरी, म्हणजे वर्षात बरोबर चार फेऱ्या.

आणि खूण कशाची करायची? चुकल्याची. आपल्याकडे कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतात ना, अगदी तसंच. दूध आलं त्या दिवशी आपण काही लिहीत नाही, आलं नाही त्याच दिवशी फुली मारतो. फ्रँकलिनचा तक्ता हा सगळा खाड्यांचा तक्ता होता. स्वच्छ ओळ म्हणजे चांगला आठवडा.

थोड्या दिवसांत एक तांत्रिक अडचण आली. नवीन फेरीसाठी जुन्या खुणा खोडून खोडून कागदाला भोकं पडायला लागली. मग त्याने हस्तिदंताच्या पातळ पानांची वही घेतली. तक्त्याच्या रेघा लाल शाईने, पक्क्या. खुणा शिसपेन्सिलीने. आठवडा संपला की ओल्या स्पंजने खुणा पुसायच्या, तक्ता तसाच राहतो. गूगल कीपमध्ये यादीतल्या सगळ्या टिक एकदम काढून टाकायची सोय आहे. ती म्हणजे फ्रँकलिनचा ओला स्पंज!

आता निकाल ऐका. व्यवस्थितपणा या तिसऱ्या ओळीने त्याला आयुष्यभर दाद दिली नाही. वस्तू जागच्या जागी ठेवणं, प्रत्येक कामाला ठरलेली वेळ देणं त्याला जमलं नाही. त्याने पहाटे पाचला उठण्यापासून रात्री दहाला झोपण्यापर्यंतचं वेळापत्रक बनवलं होतं. सकाळी आज कुठलं चांगलं काम करू हा विचार, दुपारी जेवणासोबत हिशोब बघणं, संध्याकाळी वस्तू जागेवर ठेवणं, संगीत, गप्पा आणि दिवसाचा आढावा. पण धंद्यातली माणसं आपापल्या वेळेला यायची आणि वेळापत्रक कोलमडायचं. शिवाय स्मरणशक्ती उत्तम असल्यामुळे पसाऱ्यातही त्याचं भागायचं. म्हातारपणी त्याने हे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवलं, आणि हेही लिहिलं की दोषमुक्त झालो नाही, पण या खटाटोपामुळे आधी होतो त्यापेक्षा बरा माणूस झालो.

मला ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते. इतिहासातला सगळ्यात नावाजलेला यादीवाला माणूस पसारा घालणारा होता. शिस्त होती म्हणून त्याने याद्या केल्या असं झालं नाही. शिस्त नव्हती म्हणूनच त्याला त्या लागल्या.

1736: यादीने न सुटलेला प्रश्न

फ्रँकलिन आणि त्याची बायको डेबोरा यांना फ्रान्सिस नावाचा मुलगा होता. 1736 मध्ये, चार वर्षांचा असताना, तो देवीच्या रोगाने गेला.

त्या काळी लस अजून निघाली नव्हती, पण एक उपाय होता. देवीच्या रोग्याच्या फोडातला थोडा द्रव निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा. सौम्य आजार यायचा आणि मग बहुधा जन्मभर संरक्षण मिळायचं. टोचण्यानेही काही जण दगावायचे, पण रोगाने दगावणारे त्यापेक्षा कितीतरी जास्त. फ्रँकलिन स्वतः या उपायाच्या बाजूने होता. पण पोराचं पोट बिघडलेलं होतं, म्हणून टोचणं पुढे ढकललं. तेवढ्यात साथीने त्याला गाठलं. टोचल्यामुळेच मुलगा गेला अशी अफवा गावात उठली, तेव्हा दुःखात असलेल्या बापाने आपल्याच वर्तमानपत्रात खुलासा छापला, जेणेकरून इतर आईबाप घाबरून मागे हटू नयेत.

ही खंत त्याने शेवटपर्यंत बाळगली. आत्मचरित्रात त्याने आईबापांसाठी जे लिहिलं त्याचा अर्थ असा: टोचलं आणि मूल गेलं तर आपण स्वतःला माफ करणार नाही, हे खरं. पण न टोचता गेलं तरी पश्चात्ताप तितकाच होतो. मग ज्या बाजूला धोका कमी, ती बाजू निवडा.

बघा, हे दोन रकान्यांचं गणित आहे. भीती नेहमी एकच रकाना दाखवते, काही केलं तर काय होईल हा. काहीच केलं नाही तर काय होईल, हा दुसरा रकाना कोराच राहतो. उद्या करू असं म्हणून पुढे ढकललेल्या कामाचीही किंमत असते, पण ती आपल्या यादीत कुठेच लिहिलेली नसते.

12 मुद्दे आणि एक रिकामी ओळ: आकाशातली वीज

1740 च्या दशकात युरोपातून विजेचे प्रयोग अमेरिकेत पोहोचले. काचेची नळी घासून ठिणग्या काढायच्या, लायडन जार नावाच्या बरणीत विद्युतभार साठवायचा, असं सगळं. बहुतेकांसाठी ही करमणूक होती. फ्रँकलिन मात्र धंदा भागीदाराकडे सोपवून तिच्या मागे लागला. अधिक आणि उणे, म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह भार, ही भाषा त्याने रूढ केली. 1749 मध्ये अनेक भारित बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या जोडणीला बॅटरी म्हटलं. तोफांच्या रांगेला इंग्रजीत बॅटरी म्हणतात, तिथून आलेला शब्द. म्हणजे तुमच्या फोनच्या कोपऱ्यात टक्के दाखवणाऱ्या चित्राचं नावही या यादीवाल्या बाबांकडूनच आलंय.

7 नोव्हेंबर 1749 ला त्याने टिपणवहीत एक यादी लिहिली. प्रश्न असा: घासून तयार होणारी वीज आणि आकाशातली वीज एकच का? त्याने दोघींतली साम्यं एकाखाली एक मांडली. प्रकाश देणं. त्या प्रकाशाचा रंग. वेडीवाकडी वाट. वेग. धातूतून वाहणं. फुटताना आवाज. पाण्यात किंवा बर्फात टिकणं. ज्यातून जाईल ते फाडणं. प्राणी मारणं. धातू वितळवणं. ज्वालाग्राही वस्तू पेटवणं. गंधकासारखा वास. एकूण बारा.

आणि मग तेरावी ओळ. प्रयोगशाळेतली वीज धातूच्या टोकदार सळईकडे ओढली जाते. आकाशातली जाते का? माहीत नाही. पण बारा गोष्टींत जुळतं, तर तेराव्यातही जुळण्याची शक्यता आहे. तेव्हा प्रयोग करून बघायला हवा.

माझ्या मते ही जगातल्या सगळ्यात उपयोगी याद्यांपैकी एक आहे, आणि तिचा जीव त्या तेराव्या ओळीत आहे. बारा मुद्दे डोक्यात असते तर ते नुसतं मत राहिलं असतं. कागदावर आल्यामुळे जिथे उत्तर नाही ती जागा उघडी पडली. पुढचं काम काय, हे तिनेच सांगितलं.

फ्रँकलिनने सुचवलेला प्रयोग आधी फ्रान्समध्ये झाला. 10 मे 1752 ला मार्ली इथे उंच लोखंडी सळईतून वादळात ठिणग्या काढल्या गेल्या. ही बातमी पोहोचण्याआधीच, जूनमध्ये, फ्रँकलिनने फिलाडेल्फियात आपला मुलगा विल्यम याला सोबत घेऊन तो प्रसिद्ध पतंग उडवला असं मानतात. घरांवर बसवायच्या वीजवाहक सळईची कृती त्याने लगेच आपल्या पंचांगात छापून टाकली, पेटंट न घेता. (हा प्रयोग घरी अजिबात करू नका. 1753 मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिचमान नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना विजेने गेला.)

दोन रकाने: नोकरी घ्यायची की नाही?

1772 मध्ये फ्रँकलिनचा मित्र जोसेफ प्रीस्टली पेचात होता. लीड्समध्ये तो धर्मोपदेशक होता आणि लॉर्ड शेलबर्न या बड्या उमरावाने त्याला आपल्या पदरी ग्रंथपालाची नोकरी देऊ केली होती. काय करू, असं त्याने फ्रँकलिनला विचारलं.

19 सप्टेंबर 1772 च्या पत्रात फ्रँकलिनने काय करायचं ते सांगितलंच नाही. ठरवायचं कसं, ते सांगितलं. त्याचं म्हणणं असं की अडचण येते कारण सगळी कारणं एकाच वेळी मनात हजर नसतात. सकाळी एक बाजू दिसते, रात्री दुसरी. म्हणून कागदावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. एका बैठकीत संपवू नका, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत राहा. मग वजन करा. सारख्या वजनाची दोन कारणं समोरासमोर असली तर दोन्ही खोडा. इकडचं एक तिकडच्या दोनाइतकं भारी असेल तर तिन्ही खोडा. शेवटी शिल्लक काय राहतं ते बघा, आणखी एक-दोन दिवस थांबा, नवीन काही सुचलं नाही तर निर्णय घ्या.

आपलंच उदाहरण घेऊ. सोलापूरची नोकरी सोडून पुण्याला जायचं का? एका बाजूला पगार जास्त, शिकायला जास्त. दुसऱ्या बाजूला घरभाडं, आईबाबा एकटे, रोजचा प्रवास. वाढलेला पगार आणि घरभाडं एकमेकांत कटलं, तर ती लढाई पैशाची नव्हतीच हे कळतं. खरा प्रश्न उरतो तो शिकणं आणि आईबाबा यांच्यातला. यादी उत्तर देत नाही, पण खरा प्रश्न कुठला ते उघड करते.

प्रीस्टलीने नोकरी घेतली आणि 1773 मध्ये तो तिकडे गेला. पुढच्याच वर्षी, शेलबर्नच्या घरातल्या प्रयोगशाळेत, त्याने आज आपण ज्याला ऑक्सिजन म्हणतो तो वायू वेगळा केला.

लंडनहून आलेलं सामान

फ्रँकलिनच्या याद्यांमधली मला सगळ्यात घरगुती वाटणारी यादी 1758 ची आहे. तो पेनसिल्व्हेनियाच्या कामासाठी लंडनला राहत होता आणि तिथून डेबोराला सामानाच्या पेट्या पाठवायचा. सोबत पत्रात यादी: चिनी मातीची भांडी, चांदीच्या वस्तू, गालिचा, कापड, सफरचंदाचा गाभा काढायचं छोटं यंत्र, बीअरचा गोंडस मोठा जग. कुठली वस्तू का घेतली हेही एकेका ओळीत. मॉलमध्ये उभं राहून घरी फोटो पाठवतो तसंच.

घरचा आणि दुकानाचा गाडा मात्र डेबोराच ओढत होती. दुकानाच्या वहीत तिच्या हातच्या नोंदी आहेत, कानाला ऐकू येईल तसं स्पेलिंग केलेल्या. 1760 च्या दशकात नवीन घर बांधलं तेही तिनेच देखरेख करून. फ्रँकलिन लंडनहून चौकशा आणि सूचना पाठवत राहिला. तिला समुद्रप्रवासाची भीती, म्हणून ती गेली नाही. तो 1764 च्या शेवटी पुन्हा लंडनला गेला आणि काम संपेना म्हणून राहिला. मध्ये तिला पक्षाघात झाला. डिसेंबर 1774 मध्ये ती गेली. दहा वर्षांत दोघांची भेट झाली नव्हती. तो मे 1775 मध्ये त्या नव्या घरात राहायला आला तेव्हा ती तिथे नव्हती.

सामानाच्या याद्या वेळेवर जात होत्या. परत जाण्याची तारीख मात्र कुठल्याच यादीत पक्की झाली नाही.

जे तक्त्यात नव्हतं

त्या तेरा गुणांत न्याय आठव्या क्रमांकावर होता. कुणाचं नुकसान करायचं नाही, कुणाचं देणं बुडवायचं नाही असा त्याचा अर्थ. आणि त्याच घरात गुलाम होते. 1757 मध्ये फ्रँकलिन लंडनला गेला तेव्हा पीटर आणि किंग या नावांचे दोन गुलाम सोबत होते. किंग इंग्लंडमध्ये पळून गेला. फ्रँकलिनच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्यांना शोधण्याच्या जाहिराती वर्षानुवर्षं छापल्या जात होत्या, आणि त्या जाहिरातींचे पैसे जमेच्या रकान्यात जात होते.

रोज रात्री तक्ता समोर घेणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे सुटलं कसं? कारण तक्त्यात जेवढं असतं तेवढंच तक्ता विचारतो. न्यायासमोर कोरी जागा दिसली की आठवडा चांगला गेला. आपल्याच घरात राबणाऱ्या माणसाशी न्याय झाला का, ही ओळच नव्हती.

ती ओळ आली, पण फार उशिरा. 1787 मध्ये तो पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी 1790 मध्ये गुलामगिरी बंद करण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसकडे संस्थेचा अर्ज त्याच्या सहीने गेला. काँग्रेसने तो मानला नाही. 17 एप्रिल 1790 ला, 84 व्या वर्षी, फ्रँकलिन गेला.

अर्धवट राहिलेली आणि 200 वर्षं चाललेली

त्याच्या आत्मचरित्रामागेही एक यादी आहे. 1771 मध्ये लिहायला बसला तेव्हा त्याने आठवणींच्या मुद्द्यांची यादी काढली. लिखाण मध्येच थांबलं, क्रांती झाली, कागद मागे राहिले. पुढे ॲबेल जेम्स नावाच्या ओळखीच्या माणसाला ते सापडले. त्याने यादीची प्रत पॅरिसजवळ राहणाऱ्या फ्रँकलिनला पाठवली आणि हे पुरं करा अशी गळ घातली. 1784 मध्ये फ्रँकलिनने पुन्हा लेखणी उचलली. तरी यादी संपली नाहीच. गोष्ट 1750 च्या दशकाच्या शेवटाशी थांबते, मुद्दे त्याच्या पुष्कळ पुढे जातात. पण आज जगभर वाचलं जाणारं ते पुस्तक दुसऱ्या कुणाच्या हातात यादी होती म्हणून पुढे सरकलं.

आणि मृत्युपत्रात त्याने बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी 1000 पौंड ठेवले. त्यातून उमेदवारी पुरी केलेल्या तरुण कारागिरांना 5 टक्के व्याजाने कर्ज द्यायचं, 100 वर्षांनी काही रक्कम सार्वजनिक कामांना, बाकीची आणखी 100 वर्षं फिरवायची. ही कामाची यादी 1990 मध्ये पुरी झाली, तेव्हा निधी लाखो डॉलरचा झाला होता.

आता फोन हातात घ्या

कुठलंही ॲप चालेल. फ्रँकलिनकडून घेण्यासारखं मला जे वाटतं ते असं.

1. किराण्याची यादी एकदाच करा. तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा, साबण, सगळं टाका. दर महिन्याला नवीन लिहू नका, टिक पुसून तीच वापरा. तक्ता पक्का, खुणा कच्च्या.

2. एका आठवड्यात एकच सवय. आणि पाळल्याची टिक मारण्यापेक्षा दुधासारखा खाडा मांडून बघा. कमी खुणा म्हणजे कमी काम.

3. मोठा निर्णय दोन रकान्यांत, तीन-चार दिवस. शीटमध्ये दोन कॉलम पुरेत. काहीच केलं नाही तर काय होईल, हेही त्यात लिहा.

4. कामाच्या यादीत शेवटची ओळ प्रश्नाची ठेवा. ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न. पुढचं काम बहुतेक तिथूनच निघतं.

5. महत्त्वाची यादी कुणाशी तरी शेअर करा. घरातल्या औषधांची, कागदपत्रांची तर नक्कीच. तुमचा ॲबेल जेम्स कोण, ते आत्ताच ठरवा.

6. वर्षातून एकदा यादीत काय नाही ते बघा. हे एकट्याने होत नाही. फ्रँकलिनचा तेरावा गुणसुद्धा मित्राने सांगितल्यावरच यादीत आला. म्हणून फोन घरच्यांना किंवा जवळच्या मित्राला दाखवा, आणि यात कुठली ओळ राहिली आहे असं विचारा. उत्तर आवडलं नाही तरी लिहून ठेवा.